येशूंचा शनिवार आणि कोकणातले 'शनवार तेली'

कोकणातले बेने इस्रायल ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शनिवारचा हाच 'शब्बाथ' येशूही पाळायचे. कारण ते स्वतः ज्यू होते, त्यांचे पहिले शिष्यही. 'ख्रिस्त' हे आडनाव नाही; 'मसीहा' म्हणजेच 'अभिषिक्त' या अर्थाचा तो ग्रीक शब्द.

मग वेगळा धर्म कधी झाला?

हळूहळू. पौलाने बिगरज्यूंना सुंतेची अट न घालता सामावून घेतलं. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. पुढे वाटा वेगळ्या होत गेल्या.

हे लक्षात ठेवा: येशूंना क्रुसावर खिळण्याचा हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा होता. तरी शतकानुशतकं दोष सगळ्या ज्यूंवर लादला गेला. कॅथलिक चर्चने तो १९६५ मध्ये अधिकृतपणे नाकारला.