साठवावे की पुन्हा करावे?



कन्हानच्या व्यासपीठावर आमच्या तोंडून कोळसा, मजुरी आणि संप यांखेरीज काही ऐकण्याची आपणांस सवय नाही. आजचा विषय निराळा आहे. पण त्याची गाठ शेवटी आमच्याच धंद्याशी पडते.

संगणकाच्या गणित करणाऱ्या भागात अगदी हाताशी असे मोजकेच कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. आपले हजेरीचे रजिस्टर ते नव्हे. १९६४ साली जाहीर झालेल्या आय.बी.एम. ३६० या यंत्रमालिकेत असे सर्वसाधारण कप्पे १६ होते. कप्पे भरले म्हणजे एखादा आकडा दूरच्या कोठारात ठेवावा लागतो आणि गरज पडली की परत आणावा लागतो. एक बेरीज ठोक्यासरशी होते. कोठाराच्या एका हेलपाट्यात मात्र कधीकधी शंभराहून अधिक ठोके वाया जातात.

कोणता आकडा हाताशी ठेवायचा आणि कोणता कोठारात धाडायचा, हे ठरवणारा कारकून म्हणजे कम्पायलर. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणे हे त्याचे काम. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या मंडळींनी आय.बी.एम. ७०४ साठी फोरट्रान तयार केले. त्या यंत्रात अनुक्रम मोजण्याचे कप्पे अवघे ३ होते, आणि त्यांची वाटणीही या कारकुनाकडेच सोपवली गेली.

पुढे १९८१ साली आय.बी.एम.मधील ग्रेगरी चेटिन आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी हा प्रश्न नकाशा रंगवण्यासारखा मांडला. एकाच वेळी लागणारे दोन आकडे म्हणजे शेजारची गावे; त्यांना एक रंग चालत नाही. कप्पे तितकेच रंग. रंग संपले की कोणाला तरी कोठारात जाणे भाग. परंतु काही आकडे साठवण्याची गरजच नाही, हेही त्यांनी हेरले. ज्याची सामग्री केव्हाही हाताशी आहे, असा आकडा खुशाल टाकून द्यावा आणि लागेल तेव्हा एका आज्ञेत पुन्हा करावा.

याच काळात आपल्याकडे, पवईच्या आय.आय.टी.त, प्रा. धनंजय धामधेरे उलट बाजूने विचार करीत होते. मोरेल आणि रनव्हॉज या दोघांनी १९७९ साली एकच गणित विनाकारण दोनदा होऊ न देण्याची रीत मांडली होती. धामधेरे यांनी १९८८ आणि १९९१ साली निबंध लिहून ती अधिक सुटसुटीत केली. पण एकदाच करून ठेवलेला आकडा कप्पा अडवून बसतो, हीही अडचण होतीच.

योगायोग असा की १९९२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एकाच परिषदेत दोन्ही टोके पुढे आली. नूप, रूथिंग आणि श्टेफेन यांनी सांगितले की गणित एकदाच करा, पण शक्य तितक्या उशिरा करा, म्हणजे कप्पा उगाच अडणार नाही. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील ब्रिग्ज, कूपर आणि टॉर्कझन यांनी चेटिन यांची युक्ती पुढे नेली. एखाद्या चलाची किंमत दोन वाटांनी येत असेल, आणि एका वाटेची पुन्हा करता येण्याजोगी असून दुसरीची नसेल, तर पूर्वी सरसकट सगळेच कोठारात जाई. यांनी प्रत्येक तुकड्यावर खूण केली: हा पुन्हा करता येईल, हा साठवलाच पाहिजे.

ही खूण करण्याचे शहाणपण आम्हांला पुस्तकाआधी कामाने शिकवले. एका कामगाराच्या ग्रॅच्युइटीचा आकडा कचेरीने कागदावर लिहून दिला. आम्ही तो बाजूला ठेवला आणि शेवटचा पगार व सेवेची वर्षे घेऊन नव्याने मांडणी केली. फरक निघाला आणि पैसे मिळाले. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र पहिल्या काही वर्षांची हजेरीबुके रद्दीत गेली होती. त्याने खाली उतरून कोळसा काढला होता, हे सोबत्यांना ठाऊक होते. पण ते दिवस कोणत्याही गणिताने परत करता येईनात. ती वर्षे त्याच्या हिशेबात कधीच आली नाहीत.

तेव्हा श्रोतेहो, बेरीज हरवली तर घाबरू नका, ती पुन्हा करता येते. हजेरी मात्र जपून ठेवा.