लेझर मशीनचा पंप चालू आहे, पण पाणी फिरतंय का? फ्लो सेन्सर कुठे आणि कसा बसवायचा

गणपतीचं एमडीएफचं मखर, ट्रॉफी, दारावरची अ‍ॅक्रिलिकची पाटी. यातलं बरंच काम आता गल्लीतल्या लेझर कटिंगच्या दुकानात होतं. त्या मशीनच्या मागच्या झाकणाखाली काचेची एक लांब ट्यूब असते. ती तडकली की काम बंद, आणि नवी आणायची तर हजारो रुपये मोजावे लागतात. ट्यूब तडकण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पाणी थांबणं.

ही ट्यूब कार्बन डायऑक्साइड लेझरची. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९६४ साली हा लेझर शोधणारे कुमार पटेल मूळचे बारामतीचे, इंजिनिअरिंग पुण्यात केलेले. ट्यूबला दिलेल्या विजेतला थोडाच भाग लेझर किरणात बदलतो, बाकीची उष्णता होते. ती वाहून नेण्यासाठी काचेच्या आत पाण्याचा वेगळा कप्पा असतो.

पंपाचा आवाज येतोय म्हणजे पाणी फिरतंय, असं समजू नका. पाइप मुडपला, आत शेवाळ साचलं किंवा हवा अडकली, तरी पंप गुणगुणत राहतो. म्हणून फ्लो सेन्सर.

स्विच घ्यायचा की सेन्सर?

बाजारात दोन्ही वस्तू ‘फ्लो सेन्सर’ म्हणूनच विकल्या जातात. फ्लो स्विच फक्त हो किंवा नाही सांगतो: पाणी वाहिलं की आतला संपर्क जुळतो, थांबलं की तुटतो. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ स्वस्तातल्या वायएफ-एस२०१ मध्ये, छोटं चक्र फिरतं आणि पल्स निघतात. त्यावरून मिनिटाला किती लिटर ते कळतं, पण पल्स मोजायला आर्डुइनोसारखा बोर्ड लागतो. तो थेट लेझरच्या पॉवर सप्लायला जोडून चालत नाही. फक्त संरक्षण हवं असेल तर साधा स्विच पुरे.

जागा कोणती?

ट्यूबमधून पाणी बाहेर पडून टाकीकडे परत जातं, त्या पाइपवर. पंप आणि ट्यूबच्या मध्ये बसवला आणि मधलाच पाइप निसटला, तर पाणी जमिनीवर सांडत असतानाही सेन्सर ‘सगळं ठीक’ म्हणेल. काही छोटे स्विच प्रवाहावर नाही, दाबावर चालतात. ते ट्यूबच्या आधी बसवले आणि पुढे पाइप तुंबला, तर दाब उलट वाढतो आणि स्विच चालूच राहतो. सेन्सरवरचा बाण पाण्याच्या दिशेने ठेवा, होज क्लिप घट्ट करा. गळती झालीच तर थेंब पॉवर सप्लायवर पडणार नाहीत, इतकं लांब बसवा.

वायर जोडण्याआधी प्लग काढा आणि थांबा. ट्यूबकडे हजारो व्होल्ट जातात आणि मशीन बंद केल्यावरही काही काळ चार्ज राहतो. जाड हाय व्होल्टेज वायरला हात लावू नका, सेन्सरच्या वायरीही तिच्यापासून दूर न्या. बऱ्याच पॉवर सप्लायवर ‘डब्ल्यूपी’ किंवा ‘पी’ आणि ‘जी’ अशी टर्मिनल असतात. ती जोडलेली असतील तरच लेझर पेटतो. फ्लो स्विच इथे येतो. पाणी थांबलं किंवा वायर तुटली, दोन्ही वेळा लेझर बंद. तुमच्या सप्लायची जोडणी मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्याच.

इथेच एक शॉर्टकट भेटतो. सेन्सर त्रास देतो म्हणून ही दोन टर्मिनल वायरच्या तुकड्याने जोडून टाकतात. मशीन चालतं, पण सेन्सर शोभेपुरता उरतो. जुनं मशीन घेताना हा तुकडा आधी शोधा.

पाणी किती हवं? ट्यूबच्या माहितीपत्रकात आकडा असतो. मोजणं सोपं आहे: परतीचा पाइप एक लिटरच्या बाटलीत धरा. ३० सेकंदांत भरली तर मिनिटाला २ लिटर. लेझर पेटवण्याआधी मल्टिमीटरने स्विच तपासा, मग परतीचा पाइप चिमटून बघा. संपर्क तुटला पाहिजे.

सेन्सरला तापमान मात्र कळत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पाणी छान वाहत असेल आणि तरी गरम असेल. कॉम्प्रेसर नसलेला, नुसता पंखा आणि रेडिएटर असलेला कूलर पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तिथे तापमानाचा वेगळा अलार्म लागतो.