मलिक अंबरची नहर आणि आजचं विजेचं बिल

मंडळी, नळ सोडला की पाणी येतं. ते किती उंच चढून आलं, हा विचार आपण परदेशात राहणारे सहसा करत नाही. औरंगाबादला (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) मात्र हा प्रश्न शहराच्या जन्मापासून आहे.

१६१० मध्ये निजामशाहीचा कर्ता कारभारी मलिक अंबर याने खडकी गावी शहर वसवलं. हा मूळचा हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. पण डोकं विलक्षण! जागा नावाप्रमाणे खडकाळ, आणि खाम नदीच्या भरवशावर एवढं शहर जगणं कठीण. मग अंबरने उत्तरेच्या डोंगरांकडे मुरलेलं पाणी जमिनीखालच्या नहरींत गोळा केलं आणि नुसत्या उताराने शहरात आणलं. वाटेत उंच दगडी खांब बांधले. त्यांतून कोंडलेली हवा निघून जाई आणि दाब आटोक्यात राही. ना मोट, ना रहाट. पाणी थेट हौदात! पुढे याच तत्त्वावर पाणचक्की झाली. तिथे वरून पडणारं पाणी जातं फिरवून फकिरांसाठी पीठ दळायचं. म्हणजे पाणी ऊर्जा खात नव्हतं, उलट देत होतं.

शहर वाढलं, नहरी अपुऱ्या पडल्या. १९७६ मध्ये पैठणचं जायकवाडी धरण पूर्ण झालं आणि शहराची भिस्त गोदावरीवर गेली. पण नाथसागर शहरापेक्षा साधारण शंभर मीटर खाली! हजार लिटर पाणी तेवढं चढवायला कमीत कमी पाव युनिट वीज लागते. पंपाची तूट आणि लांबलचक पाइपातलं घर्षण वेगळंच. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर चौघांच्या घराला महिन्याला निदान चार युनिट नुसत्या चढणीचे. आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची, म्हणजे जवळपास तीन किलो कार्बन डायऑक्साइड. गळक्या पाइपातून पाणी वाया गेलं, की ही वीजही मातीत जाते.

आजच्या लाखोंच्या वस्तीला नहरी पुरणार नाहीत, हे खरंच. पण बांधकामांखाली त्या बुजवून टाकणं म्हणजे फुकट येणारं पाणी हातचं घालवणं. त्या साफ ठेवल्या, तर बागांना, धुण्याभांड्यांना येणारं तेवढं पाणी तरी चढवावं लागणार नाही.

पुढच्या सुट्टीत मुलांना वेरूळ दाखवायला न्याल, तेव्हा पाणचक्कीलाही जरूर न्या. आणि विचारा त्यांना, विजेशिवाय हे जातं फिरायचं कसं?