विश्लेषण : मॅकेन यांनी सारा पेलिन यांनाच का निवडले? धक्कादायक ‘रनिंग मेट’ निवडीतून काय कळते?

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराने उपाध्यक्षपदासाठी अनपेक्षित नाव जाहीर केले, की काही मिनिटांत समाजमाध्यमांवर दोन तट पडतात. एक गट म्हणतो ‘मास्टरस्ट्रोक’, दुसरा म्हणतो ‘घोडचूक’. २००८ मध्ये जॉन मॅकेन यांनी अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांचे नाव जाहीर केले, तेव्हा हे दोन्ही शब्द वापरले गेले. विशेष म्हणजे, काही आठवड्यांच्या अंतराने दोन्ही खरे वाटले. ही निवड कशी झाली, तिच्यावर प्रतिक्रिया काय उमटल्या आणि अशा निवडीकडे कसे पाहावे, याचा आढावा.

२९ ऑगस्ट २००८ रोजी काय घडले?

आदल्या रात्री डेन्व्हरच्या खुल्या स्टेडियममध्ये ऐंशी हजारांहून अधिक लोकांसमोर बराक ओबामा यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी स्वीकारली होती. दुसऱ्या दिवशीच्या बातम्या त्याच भाषणाच्या असणार, हे उघड होते. तसे झाले नाही. ओहायोतील डेटनजवळच्या सभेत मॅकेन यांनी सारा पेलिन यांना मंचावर आणले आणि ओबामांचे भाषण मागे पडले.

तो मॅकेन यांचा ७२ वा वाढदिवस होता. पेलिन तेव्हा ४४ वर्षांच्या होत्या. त्यांना गव्हर्नर होऊन दोन वर्षेही झाली नव्हती आणि त्याआधी त्या वसिला या छोट्या शहराच्या महापौर होत्या. अमेरिकेतील बहुतेक मतदारांनी हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. रिपब्लिकन पक्षाने उपाध्यक्षपदासाठी महिलेला उमेदवारी देण्याची ही पहिलीच वेळ होती. डेमोक्रॅटिक पक्षाने १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो यांना ती दिली होती.

‘रनिंग मेट’ म्हणजे काय? भारतातील पद्धतीपेक्षा वेगळे काय?

भारतात उपराष्ट्रपतींची निवडणूक स्वतंत्र होते. राज्यघटनेच्या कलम ६६ नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य त्यांना निवडतात. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती ही ‘जोडी’ नसते. २००७ मध्ये तर उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत हेच राष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीत प्रतिभाताई पाटील यांच्याविरोधात उभे होते आणि हरले. शिवाय आपल्याकडे राष्ट्रपतीपद मध्येच रिक्त झाले, तर उपराष्ट्रपती केवळ तात्पुरता कार्यभार पाहतात. सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते.

अमेरिकेत दोन्ही नावे एकत्रच मतपत्रिकेवर असतात. अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्याचा, असे मत देता येत नाही. अध्यक्षांचे निधन झाले किंवा त्यांनी राजीनामा दिला, तर उपाध्यक्ष उरलेल्या संपूर्ण मुदतीसाठी अध्यक्ष होतो. आतापर्यंत नऊ उपाध्यक्ष असे अध्यक्ष झाले आहेत. त्यांतील आठ जण अध्यक्षांच्या निधनामुळे, तर जेराल्ड फोर्ड हे १९७४ मध्ये रिचर्ड निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे.

म्हणूनच मॅकेन यांच्या वयाला महत्त्व होते. ते जिंकले असते, तर पहिल्यांदा अध्यक्षपदी बसणारे तोवरचे सर्वांत वयस्कर नेते ठरले असते. त्यांना त्वचेचा कर्करोगही होऊन गेला होता.

मॅकेन यांच्या मनात कोण होते?

मॅकेन यांची पहिली पसंती त्यांचे मित्र सिनेटर जो लीबरमन होते. हेच लीबरमन २००० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. त्यांना सोबत घेतले, तर ‘पक्षापेक्षा देश मोठा’ हा संदेश जाईल, असे मॅकेन यांना वाटत होते. परंतु लीबरमन गर्भपाताच्या हक्काचे समर्थक होते. पक्षाच्या अधिवेशनात यावरून बंड होईल, अशी भीती सल्लागारांनी घातली. मिट रॉम्नी आणि मिनेसोटाचे गव्हर्नर टिम पॉलेंटी ही नावे सुरक्षित होती. पण ओबामांच्या लाटेसमोर सुरक्षित नाव पुरेसे नाही, असा मोहीम चालवणाऱ्यांचा हिशेब होता.

त्यातून पेलिन यांचे नाव वर आले. त्या गर्भपाताच्या कट्टर विरोधक होत्या. २००६ मध्ये त्यांनी स्वपक्षाचेच विद्यमान गव्हर्नर फ्रँक मर्कोव्स्की यांना प्राथमिक फेरीत हरवले होते. पक्षातील गैरप्रकारांविरुद्ध बोलण्याची त्यांची प्रतिमा होती आणि अलास्कात त्या कमालीच्या लोकप्रिय होत्या. हिलरी क्लिंटन यांना उमेदवारी न मिळाल्याने नाराज झालेल्या महिला मतदारही वळतील, अशी आशा होती.

अडचण होती ती वेळेची. मॅकेन यांची उमेदवारी मार्चमध्येच पक्की झाली होती. म्हणजे सहउमेदवार शोधायला पाच महिने मिळाले. पण पेलिन यांचा गांभीर्याने विचार अगदी शेवटच्या आठवड्यात झाला. मॅकेन त्यांना फेब्रुवारीत एकदा भेटले होते. २४ ऑगस्टला फोन झाला, २८ ऑगस्टला अ‍ॅरिझोनातील मॅकेन यांच्या घरी भेट झाली आणि दुसऱ्या दिवशी घोषणा. उमेदवारांची पार्श्वभूमी तपासणारे वकील ए. बी. कल्व्हाहाउस यांनी मॅकेन यांना सांगितले होते, की यात धोका मोठा आहे आणि फायदाही मोठा. मॅकेन यांचा स्वभाव धोका पत्करण्याचा होता.

पहिली प्रतिक्रिया कशी होती?

रिपब्लिकन कार्यकर्त्यांत अक्षरशः चैतन्य आले. मॅकेन यांच्याबद्दल थंड असलेला धार्मिक, परंपरावादी मतदार जागा झाला. ३ सप्टेंबरला सेंट पॉल येथील अधिवेशनात पेलिन यांनी केलेले भाषण सुमारे ३ कोटी ७० लाख लोकांनी टीव्हीवर पाहिले. त्यानंतरच्या काही जनमत चाचण्यांत मॅकेन ओबामांच्या पुढे गेले.

डेमोक्रॅट मात्र गडबडले. ओबामा यांच्या प्रवक्त्याने पहिल्या निवेदनात ‘नऊ हजार वस्तीच्या गावाच्या माजी महापौर’ असा उल्लेख करून परराष्ट्र धोरणाच्या अननुभवावर बोट ठेवले. लहान गावातल्या मतदारांना हिणवल्यासारखे ते वाटू शकत होते. थोड्याच वेळात ओबामा आणि जो बायडेन यांच्या नावाने अभिनंदनाचे सौम्य निवेदन आले. घाईत दिलेली प्रतिक्रिया राजकारण्यांनाही अशी मागे घ्यावी लागते.

खोटे काय पसरले?

समाजमाध्यमे तेव्हा बाल्यावस्थेत होती. पण ईमेल आणि ब्लॉग जोरात होते. माहिती नसलेल्या नावाभोवती अफवा किती वेगाने जमतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

* वसिलाच्या ग्रंथालयात पेलिन यांनी बंदी घातलेल्या पुस्तकांची एक लांबलचक यादी फिरली. ती खोटी होती. महापौर असताना त्यांनी ग्रंथपालांकडे पुस्तके काढण्याविषयी विचारणा केली होती, हे खरे. पण एकाही पुस्तकावर बंदी आली नव्हती.
* अमेरिकी झेंड्याची बिकिनी घालून बंदूक हातात घेतलेला त्यांचा फोटो बनावट होता. दुसऱ्याच महिलेच्या छायाचित्रावर त्यांचा चेहरा चिकटवला होता.
* ‘मला माझ्या घरातून रशिया दिसतो’ हे वाक्य आजही अनेक जण पेलिन यांचे म्हणून सांगतात. ते वाक्य ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात त्यांची नक्कल करणाऱ्या अभिनेत्री टीना फे यांचे आहे. पेलिन म्हणाल्या होत्या, की अलास्काच्या एका बेटावरून रशियाची भूमी दिसते. भूगोल म्हणून ते बरोबर आहे. बेरिंग सामुद्रधुनीतील दोन डायोमीड बेटांपैकी एक अमेरिकेचे, तर दुसरे रशियाचे आहे आणि त्यांच्यात चार किलोमीटरच्या आसपासच अंतर आहे. प्रश्न एवढाच होता, की रशिया दिसणे म्हणजे परराष्ट्र धोरणाचा अनुभव नव्हे.

वारे कधी फिरले?

सप्टेंबरच्या मध्यापासून. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बँक दिवाळखोरीत गेली आणि निवडणुकीचा विषयच बदलला. मतदारांना आता अर्थव्यवस्था सांभाळू शकेल असा नेता हवा होता. त्याच सुमारास पेलिन यांच्या मुलाखती सुरू झाल्या. सीबीएस वाहिनीच्या केटी कुरिक यांनी त्यांना विचारले, की जगाची माहिती घेण्यासाठी तुम्ही कोणती वृत्तपत्रे वाचता? पुन्हा विचारूनही पेलिन यांना एकाही वृत्तपत्राचे नाव सांगता आले नाही. प्रश्न अवघड नव्हता. म्हणूनच उत्तराचा परिणाम मोठा झाला.

कॅथलीन पार्कर या उजव्या विचारांच्या स्तंभलेखिकेने सप्टेंबरअखेरीस पेलिन यांनी माघार घ्यावी, असे लिहिले. २ ऑक्टोबरला बायडेन यांच्याशी झालेल्या वादसभेत पेलिन अपेक्षेपेक्षा चांगल्या बोलल्या. ती सुमारे ७ कोटी लोकांनी पाहिली. उपाध्यक्षपदाच्या कोणत्याही वादसभेला इतका प्रेक्षक मिळालेला नाही. पण १९ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्षाचेच माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ओबामांना पाठिंबा दिला. पेलिन अध्यक्ष होण्यास तयार नाहीत आणि त्यामुळे मॅकेन यांच्या निर्णयक्षमतेबद्दल शंका येते, असे कारणही त्यांनी सांगितले.

मग मॅकेन पेलिन यांच्यामुळे हरले का?

असे सरळ म्हणता येत नाही. ओबामांना ३६५, तर मॅकेन यांना १७३ इलेक्टोरल मते मिळाली. आर्थिक संकट, इराक युद्ध आणि जॉर्ज बुश यांच्यावरील नाराजी यांचा भार कोणत्याही रिपब्लिकन उमेदवारावर पडलाच असता. मतदानोत्तर चाचणीत सुमारे ६० टक्के मतदारांनी पेलिन अध्यक्षपदासाठी पात्र नाहीत, असे सांगितले. महिलांची मतेही ५६ विरुद्ध ४३ टक्के अशी ओबामांकडे गेली. केवळ महिला उमेदवार दिली की महिलांची मते मिळतात, हा अंदाज चुकला.

राज्यशास्त्राचे अभ्यासक ख्रिस्तोफर डिव्हाइन आणि काइल कोप्को यांनी या विषयावर बरेच काम केले आहे. त्यांचा निष्कर्ष असा, की सहउमेदवारामुळे थेट मिळणारी किंवा जाणारी मते फार नसतात. मात्र या निवडीवरून मतदार मुख्य उमेदवाराची पारख करतात. मॅकेन यांची सारी मोहीम अनुभवावर उभी होती. ‘ओबामा अननुभवी आहेत’ हा त्यांचा सर्वांत धारदार मुद्दा होता. पेलिन यांना निवडून तो मुद्दा त्यांनी स्वतःच बोथट केला.

मॅकेन यांनी पेलिन यांना कधी दोष दिला नाही. पण २०१८ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी मान्य केले, की सल्लागारांचे न ऐकता लीबरमन यांनाच घ्यायला हवे होते.

अशी आणखी उदाहरणे आहेत का?

१९६० : जॉन केनेडी यांनी पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीतील प्रतिस्पर्धी लिंडन जॉन्सन यांना घेतले. केनेडी यांचे उदारमतवादी समर्थक चिडले. पण जॉन्सन यांचे टेक्सास राज्य जिंकता आले आणि १९६३ मध्ये केनेडी यांच्या हत्येनंतर तेच अध्यक्ष झाले.

१९७२ : जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी घाईत टॉमस ईगल्टन यांना निवडले. नैराश्यावर त्यांनी विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचे नंतर उघड झाले. १८ दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली.

१९८८ : जॉर्ज बुश (थोरले) यांनी ४१ वर्षांच्या डॅन क्वेल यांना निवडल्यावर खूप टवाळी झाली. तरीही बुश ४२६ इलेक्टोरल मते घेऊन जिंकले.

म्हणजे ‘धक्का’ दिल्याने निवडणूक जिंकता किंवा हरता येतेच असे नाही.

पुढच्या वेळी काय पाहायचे?

हॅरी ट्रुमन उपाध्यक्ष होऊन ८२ दिवसच झाले होते, तेव्हा १२ एप्रिल १९४५ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे निधन झाले. महायुद्ध सुरू होते आणि अणुबॉम्बचा प्रकल्प नेमका काय आहे, याची माहितीही ट्रुमन यांना अध्यक्ष झाल्यावर देण्यात आली. चार महिन्यांत हिरोशिमाचा निर्णय झालेला होता. १९४४ मध्ये त्यांची निवड झाली, तेव्हा चर्चा होती ती पक्षातील गटांचे समाधान कोणामुळे होईल याची.

त्यामुळे नवे नाव जाहीर होईल तेव्हा पोस्ट टाकण्याआधी तीन प्रश्न विचारता येतील. ही व्यक्ती उद्या सकाळी अध्यक्ष होऊ शकते का? निवड करणाऱ्याने तिची पारख करायला किती वेळ दिला? आणि उमेदवार आजवर जे सांगत आला, त्याच्याशी ही निवड जुळते का? २९ ऑगस्ट २००८ च्या दुपारी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधणे शक्य होते. पण त्या दिवशी बहुतेकांची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत होती : यामुळे मते किती वाढतील?