वेताळाला इस्त्री

एक साधा प्रश्न. साठच्या दशकात चिल्लर पैशांना विकलं गेलेलं, दोन पिनांवर शिवलेलं एक पातळ पुस्तक आज कुणी कडक प्लास्टिकच्या पेटीत सील करून, वर '६.५' असं लेबल चिकटवून हजारो रुपयांना विकत असेल, तर त्याला वेडा म्हणायचं की शहाणा?

गेले काही विकांत मी याच प्रश्नावर घालवले. (बायकोच्या मते उत्तर सोपं आहे आणि ते मलाही लागू पडतं.)

आपल्याकडच्या कॉमिक्स जमवणाऱ्यांची गाडी फिरून फिरून येते ती 'इंद्रजाल कॉमिक्स'वर. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने, म्हणजे आपल्या टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी, पहिला अंक काढला. नायक होता ली फॉक या अमेरिकन लेखकाचा फँटम, मराठीतला आपला वेताळ. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात तो १९३६ पासून दररोज तीन-चार चौकटींत झळकत होता. आपल्याकडे त्याच पट्ट्या कापून, जोडून, रंगवून पुस्तकाच्या आकारात बसवल्या. पहिले बत्तीस अंक नुसता वेताळ. मग जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी वगैरे मंडळी पाळीपाळीने येऊ लागली. मासिकाचं पाक्षिक झालं, पुढे साप्ताहिक झालं. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली, कन्नड अशा बऱ्याच भाषांत अंक निघत. सोलापूरसारख्या गावात, जिथे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच वेळी ऐकू येतं, तिथे याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

भाषांतरात गमतीजमतीही झाल्या. वेताळाचा देश मुळात 'बंगाला'. ते नाव बंगालच्या फार जवळ जातं म्हणून भारतीय आवृत्तीत त्याचं 'डेंकाली' केलं. मूळ कथेतल्या एका खुन्याचं नाव रामा होतं, ते 'रामालू' झालं. 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. म्हणजे भावना दुखावण्याची काळजी तेव्हाही होतीच, फक्त ती गुपचूप घेतली जायची :)

१९७६ मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला. कुर्ता आणि जीन्स घालणारा, चंबळच्या डाकूंशी लढणारा, पक्का देशी नायक. सुरुवातीची चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळात टाइम्समध्ये काम करणाऱ्या अनंत पैंनी तर १९६७ मध्ये बाहेर पडून 'अमर चित्रकथा' सुरू केली. तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे, म्हणून इथे थांबतो.

एप्रिल १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. क्रमांक मोजले तर एकूण ८०५ भरतात. पण १२३ आणि १२४ हे अंक संपामुळे निघालेच नाहीत, म्हणून प्रत्यक्षात ८०३. हे ठाऊक नसलेला नवा संग्राहक 'माझे दोनच राहिलेत' म्हणत वर्षानुवर्षं रद्दीच्या दुकानांत फिरू शकतो. डेटाबेसमध्ये मधलेच दोन आयडी गायब असले की आपण जसे लॉग चाळत बसतो ना, अगदी तसंच.

आता अमेरिकेकडे वळू, कारण इस्त्रीची भानगड तिथली आहे.

जुनी कॉमिक्स तिकडे महाग का? कारण उरली कमी. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कागद गोळा करायच्या मोहिमा काढल्या, पोरांनी गठ्ठेच्या गठ्ठे नेऊन दिले. उरलेली आयांनी टाकून दिली. १९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी किमतींचं पहिलं मार्गदर्शक पुस्तक काढलं आणि 'जुना अंक' या गोष्टीला भाव मिळाला. १९७७ मध्ये कोलोरॅडोत एडगर चर्च नावाच्या माणसाच्या घरात हजारो अंक सापडले, चाळीस वर्षांपूर्वीचे आणि तरीही नुकतेच छापल्यासारखे. कारण काय, तर तिथली कोरडी हवा आणि एकावर एक दाबून रचलेल्या चळती. बस्स.

पण 'नुकतंच छापल्यासारखं' हे ठरवणार कोण? दुकानात समोरासमोर सौदा असेल तर हातात घेऊन बघता येतं. १९९५ नंतर ईबे आलं आणि न बघता, हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाकडून घ्यायची वेळ आली. विकणारा म्हणणार 'उत्तम अवस्था', आणि पार्सल उघडल्यावर मागचं पान गायब. नाण्यांच्या बाजारात याच दुखण्यावर ऐंशीच्या दशकात औषध निघालं होतं: तिऱ्हाईत कंपनीने नाणं तपासायचं, आकडा द्यायचा, पेटीत बंद करायचं. तोच फॉर्म्युला २००० साली सीजीसी या कंपनीने कॉमिक्सना लावला. ०.५ ते १० अशी पट्टी. निळं लेबल म्हणजे हात न लावलेला अंक, जांभळं म्हणजे दुरुस्ती केलेला, पिवळं म्हणजे साक्षीदारासमोर सही घेतलेला. पेटीला बोलीभाषेत 'स्लॅब' म्हणतात. आपल्याकडे स्लॅब पडतो तो घरावर, तिकडे पुस्तकावर.

तपासतात काय? पाठीवरच्या बारीक रेषा. रंग उडालेली घडी. पिनांचा गंज. कोपऱ्यांची गोलाई. पानांचा रंग, म्हणजे पांढरा, मळकट पांढरा, पिवळट, की बोट लावलं तर तुकडा पडेल असा ठिसूळ. वर्तमानपत्री कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, त्यात आम्ल. उजेड आणि उष्णता मिळाली की तो आपला आपण जळत जातो, फक्त फार हळू.

आणि मग प्रेसिंग. मला वाटलं होतं वरून इस्त्री फिरवत असतील. तसं नाही. अंक आधी दमट हवेत ठेवून कागद थोडा नरम करतात. मग आतबाहेर न चिकटणारा कागद आणि पुठ्ठे घालून तो तापणाऱ्या प्रेसमध्ये ठेवतात. तापमान कपड्यांच्या इस्त्रीच्या मानाने बरंच कमी. नंतर दाबाखालीच सावकाश थंड होऊ देतात. पोचे, बोटांचे दाब, गुंडाळून ठेवल्याने आलेला बाक हे सगळं निघतं. मात्र घडीवर शाई तुटून पांढरी रेघ दिसत असेल तर ती जात नाही. गेलेली शाई इस्त्रीने परत येत नाही.

यावर तिकडे वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. सीजीसी प्रेसिंगला 'दुरुस्ती' मानत नाही, म्हणजे लेबल निळंच. मग लोक काय करतात? ८.० ची पेटी फोडायची, अंक दाबून घ्यायचा, पुन्हा पाठवायचा, नशीब असेल तर ८.५. त्या अर्ध्या गुणात किंमत दीडपट होऊ शकते. जुनं लेबल कंपनीला परत केलं नाही तर कंपनीच्या गणतीत एकच अंक दोनदा मोजला जातो. (डुप्लिकेट रेकॉर्ड! क्यूएवाल्यांनो, हसा.) २०२३ च्या अखेरीला तर खऱ्या पेट्यांमध्ये कमी प्रतीचे अंक आणि वर मोठ्या आकड्याचं लेबल, असा घोटाळाच उघडकीला आला. तरी बाजार थांबत नाही. १९३८ मध्ये दहा सेंटला विकलेला सुपरमॅनचा पहिला अंक, ८.५ गुणांचा, एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेला.

आता सोलापूर.

मुरारजी पेठेत आमच्या काकांच्या कपाटात इंद्रजालचे सहा बांधीव खंड आहेत. बहुतेक मराठी, मधूनच काही इंग्रजी. मी जन्मलो तेव्हा इंद्रजाल बंद पडून सात-आठ वर्षं झाली होती, त्यामुळे माझं वेताळाशी नातं या खंडांपुरतंच. लहानपणी दर उन्हाळ्यात फरशीवर पालथं पडून वाचलेत. हवा कोरडी, पाऊस बेताचा, म्हणजे कोलोरॅडोचा अर्धा गुण सोलापूरला मिळायला हरकत नाही. मुंबईत हे अंक बुरशीने गेले असते. उरलेला अर्धा गुण मे महिन्यात चाळिशी ओलांडणारा पारा काढून घेतो.

मागच्या महिन्यात हुतात्मा पकडून गेलो आणि भिंग व मोबाईलचा टॉर्च घेऊन एकेक खंड तपासला, अगदी सीजीसीचा माणूस असल्यासारखा. काका चहा घेत बघत होते.

"काय बघतो बे एवढं? आतली गोष्ट बदलली नाही."

गोष्ट बदलली नव्हती, पण बाकीचं ऐका. बाइंडरने बारा-बारा अंक एकत्र घेऊन पाठीजवळून दाभणाने भोकं पाडली, दोऱ्याने टाके घातले. मैद्याच्या खळीने पुठ्ठा चिकटवला. आणि खंड देखणा दिसावा म्हणून तीन बाजूंनी कटिंग मशीनवर सफाईने छाटला. काही पानांवरचा आकडाच छाटणीत गेलाय, एका ठिकाणी मँड्रेकच्या टोपीचा वरचा काठ. खळ खायला कसर आली आणि जाताना थोडा कागदही खाऊन गेली. तीन अंकांवर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का. शब्दकोडी पेनाने सोडवलेली, त्यातली दोन चुकीची.

ग्रेडिंगच्या भाषेत हा सगळा संहार आहे. छाटलेल्या कडा म्हणजे जांभळं लेबल आणि आकडाही तळाचा. पण इथेच मला अमेरिकन पट्टी आपल्या इतिहासाला बसत नाही असं वाटायला लागलं. तिथे अंक वाचले ते कुणी हात लावला नाही म्हणून. आपल्याकडे जे वाचले ते बांधले म्हणून. सुटा अंक घरात किती दिवस टिकणार? शेजारचा पोरगा नेणार, परत देणार नाही. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाणार, मग गड्ड्याच्या यात्रेत कुणाच्या तरी हातात शेंगा-फुटाण्याची पुडी होऊन येणार. बारा अंकांचा जाडजूड खंड मात्र 'पुस्तक' होतो, आणि आपल्या मध्यमवर्गीय घरात पुस्तक सहसा रद्दीत टाकत नाहीत. ज्या दाभणाने ग्रेड मारली, त्याच दाभणाने अंक जगवले.

इंग्रजी इंद्रजालचं बरं चाललंय. याद्या तयार आहेत, हौशी लोकांनी अंक स्कॅन केलेत, जगभर फँटमचे चाहते आहेत, ऑस्ट्रेलियात तर १९४८ पासून त्याची कॉमिक्स निघतात. मराठी अंकांना विचारणारं त्या मानाने कमी. भाव कमी म्हणून जपणूक कमी, जपणूक कमी म्हणून अंक कमी. आणि मराठीत जे आहे ते इंग्रजीतून परत मिळणार नाही. काकांच्या खंडांत इंग्रजी वाक्याच्या मापाचा फुगा आणि त्यात कोंबलेलं मराठी वाक्य जागोजागी दिसतं. शेवटच्या ओळीपर्यंत अक्षर बारीक बारीक होत जातं, बसमध्ये खिडकीजवळ तिसरा माणूस सरकवावा तसं. जंगलातले पिग्मी जे मराठी बोलतात ते ना पुण्याचं, ना सोलापूरचं. ते फक्त इंद्रजालचं. बालभारतीने 'किशोर'चे जुने अंक सर्वांसाठी ऑनलाइन खुले केले. इंद्रजालच्या पात्रांचे हक्क परदेशी कंपनीकडे, प्रकाशन बंद, त्यामुळे असं काही कुणी अधिकृतपणे करेल ही आशा मला फारशी नाही.

मग काय करायचं? स्लॅबमध्ये गेलेला अंक रीड-ओन्लीसुद्धा राहत नाही, मुखपृष्ठापुरताच दिसतो. स्कॅन करायचं तर खंड नीट उघडायला हवा. उघडत नाही, पाठीजवळची अक्षरं टाक्यांत गेलीत. म्हणजे उसवणं आलं.

"उसवायचं नाही," काका म्हणाले. "बांधायला पाच रुपये खंडाला दिले होते. तेव्हाचे पाच."

मी एकदा वाद घालून बघितला. मूळ सेफ, बॅकअप होईल, पुन्हा बांधून देतो वगैरे. ते ऐकून घेतात आणि पेपर वाचायला लागतात. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही. कागद ठिसूळ होतोय, अजून पंधरा-वीस उन्हाळ्यांनी पान उलटताना तुटेल, तेव्हा पाच रुपयांचे टाके काही वाचवणार नाहीत. पण खंड त्यांचे आहेत.

शेवटी तोडगा कसरीनेच काढला. चौथ्या खंडाची पाठ तिने जवळजवळ पोखरून सोडवली आहे, टाके लोंबतायत. "तो ने," काकांनी परवानगी दिली, "पण कोडी पुसायची नाहीत." सध्या तो माझ्याकडे पुण्यात आहे. शनिवारी सकाळी दोन तास, वरून टांगलेला कॅमेरा, खाली काळं कापड. प्रत्येक अंकाची एक ओळ एक्सेलमध्ये: क्रमांक, तारीख, नायक, शिक्का आहे का, कोडं कुणी सोडवलं. बारापैकी सात झाले. आठव्याच्या मधली चार पानं एकमेकांना चिकटली आहेत, खळीने की चहाने कोण जाणे. आणि ती सोडवायची तर पुन्हा तेच, आधी दमट हवेत ठेवून कागद नरम करायचा. पावसाळा लागायची वाट बघतोय.