डॉक्टर चालायला सांगतात, पण रस्ता सुरक्षित नाही: काय करावे?

मधुमेह, उच्च रक्तदाब, गुडघेदुखी किंवा हृदयविकार असेल, तर तुम्हाला रोज चालण्याचा सल्ला मिळालेला असतो. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण जालना जिल्ह्यातील अनेक रुग्ण 'चालायचे कुठे?' असे विचारतात. पदपथ नाही किंवा त्यावर गाड्या उभ्या आहेत आणि शेजारून ट्रक जात आहेत, अशा ठिकाणी चालण्याची भीती वाटणे साहजिक आहे.

धोका कोणाला जास्त?

- मधुमेहामुळे पाय बधिर झाले असल्यास फुटलेल्या फरशीने झालेली जखम लक्षात येत नाही आणि चिघळते.
- वयस्कर किंवा पक्षाघात झालेली व्यक्ती सेकंदाला सुमारे ०.८ मीटर चालते. १२ मीटर रुंद रस्ता ओलांडायला तिला १५ सेकंद लागतात. तेवढी उसंत वाहने देत नाहीत.
- वाहनांचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. म्हणून शाळा, दवाखाना आणि बाजाराजवळ वेग कमी असणे महत्त्वाचे आहे.

तोपर्यंत ही काळजी घ्या

- पदपथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते.
- अंधारात फिकट कपडे घाला. सायकलला मागे लाल दिवा लावा आणि हेल्मेट वापरा.
- उन्हाळ्यात सकाळी लवकर चाला. इन्सुलिन घेत असाल तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.
- छातीत दुखले, दम लागला किंवा चक्कर आली तर थांबा. त्रास कमी होत नसेल तर १०८ वर फोन करा.
- शक्य असेल तेव्हा एसटीने जा. थांब्यापर्यंतचे चालणेही व्यायामच आहे. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे आहे; ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. सोबत ओळखपत्र ठेवा.

सुरक्षित रस्ता मागणे हा तुमचा हक्क आहे

कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेकरन यांनी २०१२ मध्ये रस्ते सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. याच प्रकरणात १४ मे २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की, वापरण्याजोगे पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ नुसार जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पदपथ अपंग व्यक्तींनाही वापरता यावेत आणि त्यांवरील अतिक्रमणे काढावीत, असेही न्यायालयाने म्हटले. पुण्यात महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून 'पादचारी दिन' पाळला. असा एक दिवस जालन्यातील बाजारपेठेसाठीही मागता येईल.

अर्ज कोणाकडे, कसा करावा?

शहरातील रस्त्यांसाठी जालना महानगरपालिका, राज्य महामार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग आणि थांब्यांसाठी एसटी आगाराकडे अर्ज करा. गावात असाल तर ग्रामसभेत ठराव मांडा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही प्रत द्या. 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

अर्जात एकच ठिकाण आणि एकच मागणी ठेवा: झेब्रा पट्टे, गतिरोधक, पथदिवा किंवा थांब्यावर बाक. फोटो, त्रासाची वेळ आणि तिथून जाणाऱ्या शेजाऱ्यांच्या सह्या जोडा. पोहोच घ्या आणि महिन्याभराने पुन्हा विचारा. तिथे अपघात झाले असतील तर तारखा लिहा. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले किंवा १० मृत्यू झाले, तर ते ठिकाण 'ब्लॅक स्पॉट' ठरते.

तुमचा आजार हेही मागणीचे सबळ कारण आहे. चालण्याच्या सल्ल्याची चिठ्ठी अर्जाला जोडायची असेल, तर ती तुमच्या डॉक्टरांकडून मागून घ्या.