जालन्याचा पिनकोड गोल गोल का फिरतो? समजून घ्या कापरेकरांचं गणित

नवीन जालन्यात पार्सल मागवायचं असेल तर पत्त्यात ४३१२०३ हा पिनकोड टाकावा लागतो. हाच आकडा घेऊन एक वजाबाकी करून बघा.

काय करायचं?

संख्येतले अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करा.

जालन्यासाठी पहिली पायरी अशी:

४३३२१० − ०१२३३४ = ४२०८७६

पुढची उत्तरं: ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६! आता कितीही वेळा वजाबाकी करा, हेच सात आकडे फिरून फिरून येत राहतील.

ही पद्धत कोणाची?

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांची. १९०५ साली डहाणूत जन्मलेले कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. चार अंकी संख्येवर ही क्रिया केली की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. या संख्येला आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. १९७५ मध्ये अमेरिकेतले लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर पोहोचलं.

मग पिनकोड ६१७४ सारखा एका जागी का थांबत नाही?

कारण तो सहा अंकी आहे. सहा अंकी संख्यांना तीन मुक्काम आहेत: ५४९९४५, ६३१७६४ आणि वर दिलेलं सात आकड्यांचं चक्र. सगळे अंक सारखे नसलेली प्रत्येक सहा अंकी संख्या यापैकी एका ठिकाणी पोहोचते. जालन्याचा पिनकोड पहिल्याच पायरीत चक्रात शिरतो.

हा चमत्कार आहे का?

नाही. सहा अंकी आकडे मर्यादित आहेत. वजाबाकी करत राहिलं की कधी ना कधी जुनं उत्तर पुन्हा येणारच, आणि तिथून पुढचा रस्ता तोच. शिवाय दोन्ही संख्यांत अंक तेच असल्याने ९ ने भागल्यावर बाकी सारखीच उरते. म्हणून प्रत्येक उत्तराला ९ ने पूर्ण भाग जातो. व्हॉट्सॲपवर 'जादुई आकडा' म्हणून फिरणाऱ्या बऱ्याच मेसेजमागे ९ ची हीच करामत असते.

आणखी एक गंमत. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड सुरू झाला. ती पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकरही मराठीच!

आता तुमचा पिनकोड घ्या. तो थांबतो की फिरतो?